रानाचा पडदा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

डॉक्टर म्हणते रोज चार ओळी लिहा. हात कापते, त्यावर इलाज! गोळी सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी, अन् मधात रोजनिशी. एकोणऐंशी वर्षांचा माणूस पहिलीतल्या पोट्ट्यासारखा अक्षरं गिरवून राह्यला. ब्रह्मपुरीच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, पोट्ट्याईच्या बोटाईवर पट्ट्या मारल्या — रेघ सरळ काढ! आता माही रेघ पाहा.

रंगाचा कुडता सापडत नाई. खिशावर निळा डाग आहे तोच. बायकोले, मनकर्णाले विचारलं. "पोछा केला," म्हणे. पोछा! मी चिडलो, ती चिडली, दिव्यानीनं, म्हणजे सूनबाईनं, टीव्हीचा आवाज वाढवला.

झाल्या चार ओळी. जास्तच झाल्या.

११ नोव्हेंबर

बोटं दुखते. आज इतकंच.

१३ नोव्हेंबर

मुंबईवरून रंजीता मॅडम आल्या. तिशीतली पोरगी, जाड चष्मा, लय बोलते. तिकडच्या एका गॅलरीत कामाले आहे. फेब्रुवारीत माह्या साऱ्या कामाचं प्रदर्शन करते म्हणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "म्हणजे मेल्यावर करते तसं?" मी विचारलं. "अहो सर, जिवंतपणीच!"

तिनं यादी वाचून दाखवली. १९७१ नागपूर, चौघाईत एक. १९७४ नागपूर, एकट्याचं. १९७९ मुंबई, 'बारा महिने', बारा तैलचित्रं. १९८६ भोपाळ. १९९३ दिल्ली. १९९९ पुन्हा नागपूर. मंग काई नाई. पन्नास वर्षं रंगात हात घातले अन् सहा ओळीत आटोपलं! मोहर्लीच्या एका रिसॉर्टसाठी वाघ काढले होते, ते यादीत धरत नाई म्हणे.

"सर, सगळ्यात महत्त्वाचं एकोणऐंशीचं," ती म्हणाली. "मुंबईत ज्याची सगळीच्या सगळी चित्रं विकली गेली असा झाडीपट्टीतला एकटा चित्रकार. प्रत्येक कात्रणात हेच आहे. ती घेतली कोणी? मला ती बाराही शोधायची आहेत."

तेवढ्यात मनकर्णा चहा घेऊन आली. "एकूण एक गेलं मॅडम! हे घरी आले ते रिकाम्या हातानं. मी साऱ्या टोल्यात घरोघरी गूळ-खोबरं वाटलं. लोकाईनं ह्याईले बैलबंडीत बसवलं, डफडं वाजवत विहारापर्यंत नेलं!"

दरवेळी सांगते तसंच. चेहरा असा होते की वाटते कालच झालं.

रंजीताजवळ एक जुनं कात्रण होतं, काळंपांढरं. 'आषाढ' नावाचं चित्र. धानाच्या बांधीत वाकून रोवणा करणारी, रोपं लावणारी बाई. "ह्या तुम्हीच ना?" मनकर्णा लाजली. या वयात! "हिरवं लुगडं होतं, पिवळ्या काठाचं. माह्या मायनं देल्लं होतं."

"अजून आहे? प्रदर्शनात ठेवू या."

"नाई. गाईनं खाल्लं."

खरं आहे. ऐंशी साली. कुंपणावर वाळू घातलं अन् गाईनं चावलं म्हणे. एवढं भारी लुगडं! तेव्हा आठ दिवस मी बोललो नव्हतो तिच्याशी.

खरेदीदार कोण? मी म्हणलं, "नावं आठवत नाई." मॅडमनं वहीत लिहून घेतलं. आता ती शोधत बसंन. अन् सापडणार काय? डोम्बलं!

१४ नोव्हेंबर

कुठंतरी ओकून टाकलं पाहिजे. मनकर्णाचं शिक्षण चौथी, अन् माहं कापरं अक्षर मलेच लागत नाई. म्हणून लिहितो.

एकही चित्र विकलं गेलं नव्हतं.

लिहिलं बाप्पा!

पाच दिवस त्या हॉलमध्ये स्टुलावर बसून होतो. लोक पंख्याखाली घाम वाळवाले येत. एकानं विचारलं, चौकट कोण्या लाकडाची आहे? चित्राकडं पाह्यलंही नाई. पाचव्या दिवशी हॉलवाल्यानं दिवे घालवले. चौकटी तिथंच टाकल्या, कापड सोडवून घेतलं, बाराही चित्रं सतरंजीत गुंडाळली. नागपूरले आलो, छोट्या गाडीत बसलो. ब्रह्मपुरी आली. फलाटावर टोल्यातले चार लोक दिसले. याच लोकाईनं हार घालून पाठवलं होतं मले! उतरलोच नाई. मान खाली घालून तसाच वडशाले गेलो.

वडशाले लटारूभाऊ. त्याची नाटक कंपनी. दिवाळी होऊन गेली होती, मंडया-जत्रा सुरू, गावोगाव नाटकं ठरलेली, अन् त्याचा रानाचा पडदा फाटलेला. जाड कापड पाहून त्याचे डोळे चमकले. मी म्हणलं, घे. चार चित्रं आडवी, तीन ओळी — वीस फूट बाय बारा, बरोबर भरलं. त्याची बायको रुखमाबाई, तिनं मशीनवर शिवून काढलं. चित्राईवर मी माह्या हातानं चुना फासला. मंग पडदा उलटा केला अन् कोऱ्या बाजूवर रान रंगवलं. साग, मोह, बांबू, मधात पायवाट. तीन दिवस. रडत होतो अन् रंगवत होतो.

पडद्याची मजुरी लटारूभाऊनं देल्ली. तेच चित्राचे पैसे म्हणून मनकर्णाच्या हातावर ठेवले. तिनं विचारलं, "सारी गेली?" मी म्हणलं, "सारी."

एवढाच एक शब्द! त्या एका शब्दावर बैलबंडी निघाली. त्याच्यावर भोपाळ मिळालं, भोपाळवर दिल्ली. 'मुंबई गाजवलेला माणूस!'

पडदा अजून चालू आहे. उघडला की लोक टाळ्या वाजवते म्हणे. त्याच्या मागं मी कधी गेलो नाई.

२० नोव्हेंबर

मतदान. कापणारं बोट बाईनं घट्ट धरून शाई लावली. माह्यापेक्षा सरळ रेघ.

२८ नोव्हेंबर

रंजीताचे दिवसाआड फोन. दिव्यानी फोन मोठ्या आवाजावर ठेवते, माह्यानं धरवत नाई म्हणून. म्हणजे सारं घर ऐकते. मुंबईतल्या तीन म्हाताऱ्या शेठजींकडं जाऊन आली बिचारी. "कुणाकडेच नाहीत सर, पण मी सोडणार नाही." सोड ना माय!

सांगितलं तर मनकर्णाचं काय? तिच्याजवळ दुसरं आहे काय? पोरगा अश्विन सिरोंच्याले नोकरीवर, पंधरा दिवसानं तोंड दाखवते. गुडघे गेले. दारात बसते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले ती बैलबंडी सांगते. तेवढीच एक बैलबंडी आहे तिच्याजवळ.

अन् नाई सांगितलं तर? माही चांगली म्हणावी अशी बाराच चित्रं. नंतरची सगळी पाट्या टाकलेली, हे मले माहीत आहे. मी मेलो, लटारूभाऊ मेला, की ती धानाच्या गंजीवर, पुंजण्यावर झाकाले जाईन.

धरलं तर चावते, सोडलं तर पळते.

६ डिसेंबर

विहारात गेलो. मनकर्णा पांढरं पातळ नेसून, माह्या दंडाले धरून. कोणी कोणाले धरलं होतं सांगता येत नाई. मेणबत्ती लावता लावता हात असा कापला की दोन विझल्या. तिनं काई न बोलता पुन्हा पेटवल्या. वंदनेत खोटं न बोलण्याचं शील येते. तिथं आलो की मी ओठ हलवतो, आवाज काढत नाई. पंचेचाळीस वर्षं!

१२ डिसेंबर

आज मेलो असतो तर बरं झालं असतं.

जेवायले बसलो अन् रंजीताचा फोन. मोठ्या आवाजावर! "सर, तुमचं प्रदर्शन झालं ती गॅलरी कधीच बंद झाली, पण तिचं जुनं रजिस्टर मिळालंय! एकोणऐंशीच्या पानावर तुमचं नाव आहे. फक्त… विक्रीच्या रकान्यात काहीच नाहीये. बाराही ओळी कोऱ्या. लिहायचं राहिलं असेल ना सर?"

दिव्यानी माह्याकडं पाहून राह्यली. घास तोंडातच. मी म्हणणार होतो. देवाशप्पथ म्हणणार होतो. (देव मानत नाई तरी!)

मनकर्णानं फोन ओढला. "रजिस्टर खोटं आहे मॅडम! पैसे मी घेतले आहे या हातानं! आमच्या ह्याईच्या मोठेपणाले कोन डाग लावून राह्यलं? मले सांगा, मी येतो मुंबईले!" तिथून ती पोरगी, "नाही हो आजी, तसं नाही…"

मंग मले म्हणे, "जेवा. भाजी थंडी होते."

गिळलं.

१३ डिसेंबर

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ कापून राह्यली.

१८ डिसेंबर

रंजीताले चिठ्ठी लिहिली. फोनवर सांगता येत नाई, म्हणून. चार पानं, तीन दिवस. सारं लिहिलं: स्टूल, सतरंजी, वडसा, चुना. शेवटी 'मनकर्णाले कळू देऊ नका'. दिव्यानीले म्हणलं, तब्येतीचं लिहिलं आहे, टाक पोस्टात. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२४ डिसेंबर

हात दाखवून अवलक्षण!

फोन आला. मोठ्या आवाजावरच. "सर, पत्र मिळालं. पण… रागावू नका हं, एकही शब्द लागत नाहीये. ऑफिसात सगळ्यांनी पाहिलं. जरा वाचून दाखवता का?"

मनकर्णा समोर. दिव्यानी समोर. मी म्हणलं, "काई नाई. थंडीची काळजी घ्या, असं लिहिलं होतं."

"चार पानं सर?"

"इकडं थंडी लय आहे."

मनकर्णा खो खो हसली. मीही हसलो. दुसरं काय करू?

२७ डिसेंबर

कोणाले न सांगता वडशाले गेलो! दवाखान्यात जातो म्हणलं अन् बस धरली. कंडक्टरनं हात धरून चढवलं. पुन्हा तोच रस्ता, पुन्हा खोटंच बोलून.

लटारूभाऊ चौऱ्याऐंशीचा. ऑफिसात खुर्चीवर बसून तारखा देते, दोन्ही खिशात दोन फोन. मले पाहून म्हणे, "अरे बापू! जित्ता आहेस काय बे?" रुखमाबाईच्या फोटोले हार. आठ वर्षं झाली तिले जाऊन. दर दिवाळीच्या आधी मनकर्णा चार दिवस यायची तिच्याकडं, नाटकाचे कपडे शिवू लागाले. अजूनही येते. मी विचारलं होतं, रुखमा गेली, आता काऊन जातेस? "सवय," म्हणे.

त्याले म्हणलं, फोन लावून दे मुंबईले. मले सांगाचं आहे.

"पंचेचाळीस वर्षं झाकलं, आता काऊन उघडून राह्यला?"

"चित्रं मरून राह्यली भाऊ."

"कोन म्हन्ते? तुहा चुना पह्यल्याच हंगामात झडला. तेलरंगावर चुना टिकते काय? चित्रकार ना तू?" मंग जरा हळू म्हणे, "नट लोक एंट्रीच्या अगुदर त्या रोवण्यावाल्या बाईच्या पायाले हात लावते. तिच्या पायाचा रंग उडून गेला पार. चाल, गाडीत भरून राह्यले पडदा. मागून एक डाव पाहून घे."

उठलो. दारापर्यंत गेलो. पाय उचललाच नाई. कोण्या तोंडानं पाहू? भ्याड माणूस मी, परत येऊन बसलो.

फोनवर सारं सांगितलं. वाटलं आता ही पोरगी शिव्या देते. तर म्हणाली, "सर, म्हणजे ती आहेत!" अन् रडाले लागली. मंग विचारलं, "आजींना माहीत आहे?"

"नाई. अन् माहीत होता कामा नये."

लटारूभाऊ खोकलला. म्हणे, "लय शाना आहेस तू बापू. एकटाच शाना."

घरी आल्यावर मनकर्णानं विचारलं, डॉक्टर काय म्हणे? मी म्हणलं, लिहित राहा म्हणे.

४ जानेवारी २०२५

लटारूभाऊ अडून बसला! रंजीता फोटोवाल्याले घेऊन कुरखेड्याकडं त्याच्या नाटकाले गेली होती. तिथं पडदा मागितला, एका महिन्यापुरता. तर म्हणे, "होळीपर्यंत एक तारीख खाली नाई. रान नेलं तर राजाले वनवासात कुठी धाडू? राजवाड्यातच?" तिनं म्हणलं, हुबेहूब रान फ्लेक्सवर छापून देतो. तर म्हणे, "फ्लेक्सच्या पाया पडनार नाई माहे नट."

तिनंच फोन करून सांगितलं. दिव्यानी नळावर होती, मनकर्णा घरामागं सांदवाडीत. म्हणून मोकळं बोलता आलं. "सर, फोटो काढलेत. पण तुमची परवानगी नसेल तर मी कुठेच काही लिहिणार नाही. भिंतीवर बारा रिकाम्या चौकटी लावते. खाली पाटी — खासगी संग्रह."

खासगी! दर प्रयोगाले तीन हजार लोक!

खरं सांगूनही भिंत रिकामीच राहणार. म्हणलं, लावा.

१२ जानेवारी

आज सांगाचं ठरवलं. ती अंगणात उन्हात बसून माह्या सदऱ्याले बटन लावत होती. डावखुरी आहे, टाका उलटा पडते तिचा, जगापेक्षा वेगळा. लग्नात माही माय म्हणाली होती, सून उलटी आणली.

मी म्हणलं, "मनकर्णा, मुंबईच्या त्या प्रदर्शनात—"

"लय गर्दी होती. तुमीच तर सांगतलं."

"नाई, तसं नाई. ऐक—"

"सुई हरपली पाहा तुमच्या बोलन्यात!" सुई तिच्या हातातच होती. तिले दिसली नसंन. डोळे गेले तिचे.

मी आत आलो.

२० जानेवारी

काई नाई. थंडी.

२९ जानेवारी

आठ तारखेले उद्घाटन. डॉक्टर म्हणते एवढा प्रवास नाई. माहं प्रदर्शन, मीच नाई, चित्रंही नाई! रंजीता म्हणते, मोठे फोटो कुरियरनं पाठवले, फक्त तुमच्यासाठी. मनकर्णाच्या हाती पडलं तर? दिवसभर फाटकाशी बसून राह्यलो. वॉचमन.

१ फेब्रुवारी, शनिवार

कुरियर आलं. मीच घेतलं. मनकर्णा ओट्यावर शेजारच्या वच्छलाबाईसोबत बसली आहे. मी आत कडी लावून बसलो.

बारा फोटो. चुना कुठंच नाई. भिंगानं पाहून राह्यलो.

पंचेचाळीस वर्षांत कापड जिथं जिथं फाटलं तिथं तिथं थिगळ आहे. चेहऱ्यावर एकही नाई. चेहऱ्याच्या बाजूबाजूनं लावलं आहे. 'चैत्र'वर माह्या शाळेच्या चौकटीच्या सदऱ्याचं. 'श्रावण'वर अश्विनच्या खाकी चड्डीचं. 'पौष'वर आत्ताच लावलेलं, निळा डाग असलेलं. माहा कुडता. 'आषाढ'मध्ये तिच्या पायाजवळ हिरवं, पिवळ्या काठाचं. सगळे टाके उलटे.

गाईनं नव्हतं खाल्लं.

बाहेर ती वच्छलाबाईले सांगून राह्यली, "आमच्या ह्याईची एकूण एक चित्रं गेली होती मुंबईले! घरी आले ते रिकाम्या हातानं."